रिकाम्या खुर्च्यांचे शिल्प

(द्वितीय वर्ष कला)

मराठीत 'खुर्ची' हा शब्द मोठा कर्तबगार आहे. खुर्ची मिळते, खुर्ची जाते, खुर्ची डळमळते. माणसे खुर्चीला चिकटून बसतात आणि खुर्चीसाठी भांडतात. मूळ अरबी 'कुर्सी' या शब्दाचा सिंहासन असाही अर्थ होतो, आणि तो अर्थ फारसीच्या वाटेने आपल्याकडे येताना गळून पडला नाही. आमच्या घरी मी अकरावीत जाईपर्यंत खुर्ची नव्हती. तरीही निवडणुकीच्या दिवसांत आमच्या ओट्यावर बसून आबा आणि शेजारची मंडळी 'यंदा खुर्ची कुणाची' याची चर्चा तासन्‌तास करीत. म्हणजे आमच्या घरात शब्द आधी आला आणि वस्तू फार मागाहून आली.

प्रस्तुत लेख खुर्च्यांविषयीच आहे. मात्र त्या खुर्च्या आपल्याकडच्या नसून दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया या देशाच्या राजधानीतल्या, बोगोता शहरातल्या आहेत. मी कलासमीक्षक नाही. शिल्पकलेशी माझा परिचय तालुक्याच्या चौकातील पुतळ्यापलीकडे नव्हता. गेल्या पावसाळ्यात इतिहासाच्या सरांनी ग्रंथालयातील संगणकावर आम्हां चारपाच जणांना एक छायाचित्र दाखविले. एका भव्य दगडी इमारतीच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत लाकडी खुर्च्या लोंबकळत होत्या. कुठे एकटी, कुठे दहावीस एकमेकींत अडकलेल्या. सरांनी विचारले, "हे काय आहे?" मी म्हणालो, "सर, मंडपवाल्याचा टेम्पो उलटलेला दिसतो." सगळे हसले. सरही हसले. पण ते शिल्प आहे आणि ते कशाविषयी आहे हे त्यांनी सांगितले, तेव्हा मला माझ्या बोलण्याची लाज वाटली. हा लेख त्या लाजेपोटी लिहिला आहे, असे म्हटले तरी चालेल.

रोजच्या वापरातील वस्तूला शिल्प म्हणावे काय, हा वाद तसा जुना आहे. मार्सेल द्युशाँ या फ्रेंच कलावंताने १९१३ मध्ये स्टुलावर सायकलचे चाक उलटे बसविले, आणि १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनाकडे चक्क चिनीमातीचे मुताऱ्याचे भांडे, त्यावर 'आर. मट' अशी खोटी सही करून, धाडून दिले. प्रवेशशुल्क भरणाऱ्या प्रत्येकाची कृती मांडू, असे संयोजकांनी जाहीर केले होते. तरीही ते भांडे मांडले गेले नाही. पुढे ते हरवलेही. कलाकृती कोणती हे कोण ठरवितो, हाच त्यातला प्रश्न होता, आणि तो सत्तेचाच प्रश्न होय. १९६५ मध्ये जोसेफ कोसुथ या अमेरिकन कलावंताने एक साधी खुर्ची, तिच्याच आकाराचे तिचे छायाचित्र आणि शब्दकोशातील 'खुर्ची'ची व्याख्या अशा तीन गोष्टी शेजारी शेजारी मांडल्या. यांतली खरी खुर्ची कोणती, असे तो विचारतो. हाताच्या कौशल्यापेक्षा कल्पनेला महत्त्व देणाऱ्या या प्रवाहाला संकल्पनात्मक कला म्हणतात. खरे सांगायचे तर कोसुथची खुर्ची मला बुद्धीचा खेळ वाटली. त्या खुर्चीवर कोण बसतो आणि तिच्यासमोर कोण उभा राहतो, हे तिथे कोणी विचारीतच नाही.

बोगोताच्या खुर्च्या मात्र तेच विचारतात. त्यासाठी १९८५ साली तेथे काय घडले ते आधी सांगितले पाहिजे.

बोगोताच्या मध्यभागी बोलिव्हार चौक आहे. त्या चौकात न्यायमंदिर आहे, म्हणजे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाची इमारत. ६ नोव्हेंबर १९८५ रोजी सकाळी 'एम-१९' या सशस्त्र बंडखोर संघटनेने ती इमारत ताब्यात घेतली आणि आतील शेकडो लोकांना ओलीस धरले. राष्ट्राध्यक्षांवर खटला चालवावा अशी त्यांची मागणी होती. सरकारने वाटाघाटी केल्या नाहीत. सैन्य आले, रणगाड्यासारख्या चिलखती गाड्या पायऱ्या चढून दारातून आत घुसल्या. सर्वोच्च न्यायालयाचे अध्यक्ष आल्फोन्सो रेयेस एचान्दिया हे आतूनच दूरध्वनीवर गोळीबार थांबविण्याची विनवणी करीत होते आणि ती विनवणी नभोवाणीवरून देशाने ऐकली. गोळीबार थांबला नाही. इमारतीला आग लागली. दुसऱ्या दिवशी सारे संपले तेव्हा सुमारे शंभर माणसे मृत्युमुखी पडली होती. त्यांत स्वतः रेयेस एचान्दिया धरून सर्वोच्च न्यायालयाचे अकरा न्यायाधीश होते.

मला याहून अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आहे. न्यायमंदिरात एक उपाहारगृह होते. तेथील काही कामगार आगीतून जिवंत बाहेर आले. सैनिकांनी त्यांना चौकाच्या कोपऱ्यावरील एका जुन्या वाड्यात चौकशीसाठी नेले, आणि त्यानंतर ते घरी परतले नाहीत. बंडखोरांना ते सामील असावेत असा संशय! त्यांच्या घरच्यांनी वर्षानुवर्षे दारे ठोठावली. अखेर २०१४ साली, म्हणजे एकोणतीस वर्षांनी, अमेरिका खंडाच्या मानवाधिकार न्यायालयाने या बेपत्ता होण्यास कोलंबियाचे शासन जबाबदार आहे असा निर्णय दिला.

तो जुना वाडा म्हणजे 'फुलदाणीचे घर' या नावाचे संग्रहालय आहे. २० जुलै १८१० रोजी त्या घरातल्या एका स्पॅनिश व्यापाऱ्याकडे काही स्थानिक मंडळी समारंभासाठी फुलदाणी मागायला गेली. त्यावरून भांडण पेटले आणि तेथून स्वातंत्र्याच्या उठावाला तोंड फुटले. तोच दिवस आज कोलंबियाचा स्वातंत्र्यदिन आहे. एका फुलदाणीने राज्य हलविले. पुढे पावणेदोनशे वर्षांनी स्वतंत्र देशाच्या सैन्याने त्याच घरात चहाकॉफी देणाऱ्या नोकरांना उभे केले. हा थोडा विषयांतराचा भाग झाला, पण वस्तू आणि सत्ता यांचे नाते शोधताना तो टाळणे मला जमले नाही.

दोरिस साल्सेदो या शिल्पकर्तीचा जन्म १९५८ साली बोगोतातच झाला. न्यूयॉर्कमधील शिक्षण आटोपून त्या मायदेशी परतल्या ते नेमके १९८५ साल होते. न्यायमंदिर जळताना त्यांनी पाहिले आहे. सतरा वर्षांनी, २००२ च्या ६ आणि ७ नोव्हेंबरला, त्याच जागी बांधलेल्या नव्या न्यायमंदिराच्या छतावरून त्यांनी एकेक करून २८० लाकडी खुर्च्या दोरांनी खाली सोडल्या. पहिली खुर्ची सकाळी ११ वाजून ३५ मिनिटांनी सोडली. १९८५ मध्ये पहिला माणूस मारला गेला ती ही वेळ. भाषण नाही, फलक नाही, हार नाही. चौकातून कामाला जाणारी माणसे थबकत, वर पाहत, काही उभी राहत, काही निघून जात. दोन दिवस खुर्च्या उतरत राहिल्या. नंतर त्या काढून नेल्या. आज त्या भिंतीवर काही नाही.

येथे मला माझ्या कामाविषयी दोन शब्द लिहावे लागतील. लग्नसराईत आणि सभांच्या दिवसांत मी मंडपवाल्याकडे रोजंदारीवर जातो. खुर्च्या उतरविणे, पुसणे, मांडणे आणि रात्री पुन्हा थप्पी लावून टेम्पोत चढविणे हे माझे काम. राज्यशास्त्राच्या तासाला आम्हांला मॅक्स वेबरची सत्तेची कल्पना शिकविली जाते. दुसऱ्याचा विरोध असतानाही आपली इच्छा अमलात आणण्याची क्षमता म्हणजे सत्ता, असा तिचा आशय. परीक्षेत मी तेच लिहितो. पण सत्ता कशी मांडतात हे मी मंडपात शिकलो. व्यासपीठावर मधोमध उंच पाठीची, लाल मखमलीची खुर्ची. तिच्या दोन्ही बाजूंना तिच्याहून थोड्या बुटक्या. खाली पहिल्या रांगेत सोफे आणि त्यांवर 'राखीव' अशी चिठ्ठी. मग गादीच्या खुर्च्या, मग प्लास्टिकच्या, आणि सर्वांत मागे बायकामुलांसाठी सतरंजी. एकदा मालक दुसरीकडे गेले असताना आम्ही पोरांनी चुकून व्यासपीठावर सगळ्या खुर्च्या सारख्या मांडल्या. कार्यकर्ते धावत आले. इतकी धांदल मी सामान हरवल्यावरही पाहिली नव्हती. मधली खुर्ची चार बोटे उंच झाल्यावरच सभा सुरू झाली.

आणि एक खुर्ची सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. शुल्कसवलतीच्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला हवा म्हणून आबा आणि मी एका कचेरीत गेलो होतो. साहेब जागेवर नव्हते. खुर्ची होती. तिच्या पाठीवर पांढरा टॉवेल नीट घडी मोडून पसरलेला होता. त्या रिकाम्या खुर्चीसमोर आम्ही वीसेक माणसे भिंतीला धरून उभे. टेबलाच्या अलीकडे येणाऱ्यांसाठी दोन खुर्च्या मोकळ्या होत्या. मी आबांना म्हणालो, "बसा की." ते म्हणाले, "तू बस बाबा, मी हाय तसा बरा." मग मीही बसलो नाही. साहेब दुपारनंतरही आले नाहीत. आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. आबा दिवसभर पोती वाहतात, त्यामुळे उभे राहण्याचे त्यांना काही नवल नाही. पण त्या दिवशी ते ज्याच्यासमोर उभे होते तो माणूस तिथे नव्हताच. एक टॉवेल होता.

साल्सेदोंच्या खुर्च्याही रिकाम्या आहेत. त्या पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मला ही कचेरीच आठवली, आणि दोन्ही रिकामेपणांत काय फरक आहे याचा मी बरेच दिवस विचार केला. कचेरीतील खुर्ची रिकामी असली तरी तिचा मालक कधीही येऊ शकतो, म्हणून तिचा दरारा. बोगोताच्या खुर्च्यांवर बसणारे कधीच येणार नाहीत. पहिल्या रिकामेपणाने माणसे भिंतीला लागतात. दुसऱ्यात खुर्च्याच भिंतीला लागल्या आहेत. शिवाय खुर्चीचा सगळा रुबाब जमिनीवर आहे. चार पाय टेकलेले असतात म्हणून ती आसन होते. पाय अधांतरी झाले की तिच्यावर राजालाही बसता येत नाही! साल्सेदोंनी खुर्ची कोरली नाही, रंगविली नाही, मोडली नाही. त्यांनी ती फक्त उचलली, आणि सत्तेचे चिन्ह असलेली वस्तू मेलेल्या माणसासारखी दिसू लागली.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मृतांची संख्या सुमारे शंभर, खुर्च्या २८०. म्हणजे एका माणसामागे एक खुर्ची असा हिशेब नाही. आमच्या वर्गातील एका मित्राचे म्हणणे असे की, हा दोष आहे. नावे द्यायला हवी होती, नावाशिवाय मेलेली माणसे पुन्हा नावाशिवायच राहिली. त्याचे म्हणणे मला अगदीच खोडता येत नाही. पण मंडपात काम केल्यामुळे मला दुसरे काही दिसते. त्या २८० खुर्च्यांत उंच पाठीची, मखमलीची, मधली अशी एकही नाही. साध्या लाकडी, जुन्या, वापरलेल्या, एकमेकींहून थोड्या निराळ्या. न्यायाधीशाची कोणती आणि उपाहारगृहातील वाढप्याची कोणती हे कोणालाही ओळखता येणार नाही. जिवंतपणी त्या इमारतीत एक बसत होता आणि दुसरा त्याच्यासमोर बशी घेऊन उभा राहत होता. या भिंतीवर मात्र दोघांची खुर्ची एकाच दोराला आहे.

दोरावरून आठवले. आबांना मी ते छायाचित्र दाखविले होते. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "वरनं दोर कुनी धरलाय?" आम्ही महाविद्यालयातल्या पाच जणांपैकी हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

२००३ मध्ये साल्सेदोंनी इस्तंबूल येथे याच्या उलट काम केले. गजबजलेल्या बाजारपेठेत, दोन इमारतींमध्ये पडलेल्या रिकाम्या जागेत सुमारे १५५० लाकडी खुर्च्या मजल्यांच्या उंचीइतक्या रचल्या. आश्चर्य असे की, रस्त्याकडील बाजू भिंतीसारखी सपाट! एकही पाय बाहेर आलेला नाही. सारख्या मापाच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांची थप्पी दहाबारांच्या वर गेली की कलते, हे मी हाताने अनुभवले आहे. वेगवेगळ्या मापाच्या पंधराशे लाकडी खुर्च्या अशा बसविणे हे केवळ कल्पनेचे काम नव्हे, त्यात घाम आहे. संकल्पनात्मक कलेत कष्ट नसतात असा जो आरोप होतो, तो करणाऱ्यांनी एकदा आमच्याबरोबर टेम्पो भरायला यावे. मात्र माणसांची जागा घेणाऱ्या या खुर्च्यांचा ढीग पाहताना, माणसांनाही कुठेतरी अशीच थप्पी लावतात, हा विचार मनातून जात नाही.

त्यांची इतर कामेही याच वाटेवरची आहेत. कोलंबियात दशकानुदशके बंडखोर, निमलष्करी टोळ्या आणि सैन्य यांच्या झगड्यात हजारो माणसे नाहीशी झाली. साल्सेदो खेड्यापाड्यांत जाऊन अशा घरांतील माणसांशी बोलत आणि मगच कामाला लागत. घरातली कपाटे, पलंग, खुर्च्या घेऊन त्यांत त्यांनी सिमेंट ओतले. काही ठिकाणी त्या सिमेंटात कपडे अडकलेले दिसतात. कपाट आहे पण उघडत नाही. दुसऱ्या एका शिल्पमालेत भिंतीतील कोनाड्यांत बेपत्ता व्यक्तींची जुनी पायताणे ठेवली असून कोनाड्याच्या तोंडावर जनावराच्या आतड्यासारखा पातळ पापुद्रा शस्त्रक्रियेच्या दोऱ्याने शिवला आहे. पायताण धूसर दिसते, हाती लागत नाही. 'प्लेगारिया मुदा', अर्थात 'मूक प्रार्थना', या २००८ ते २०१० मधील कामात एका टेबलावर दुसरे टेबल उलटे, मध्ये मातीचा थर, आणि वरच्या फळ्यांच्या फटींतून उगवलेले गवत, अशा शंभराहून अधिक जोड्या आहेत. टेबलाची लांबी शवपेटीएवढी. त्यामागे एक भयंकर प्रकरण आहे. सैन्याने गरीब तरुणांना कामाच्या आमिषाने नेऊन ठार केले आणि लढाईत मारलेले बंडखोर म्हणून त्यांची गणना केली. २००२ ते २००८ या काळात असे ६,४०२ बळी गेले, असे तेथील शांतता-न्यायालयाने २०२१ मध्ये जाहीर केले. कामाला नेतो म्हणून कोणी टेम्पोत बसवितो तेव्हा आम्हीही फार चौकशी करीत नाही.

यावर एक आक्षेप माझ्याच मनात येतो. ही शिल्पे शेवटी मोठमोठ्या संग्रहालयांत जातात. तेथे प्रवेशापाशी पहारेकरी असतो आणि शिल्पातील खुर्चीवर बसायला, तिला हात लावायलाही मनाई असते. म्हणजे सत्तेविषयी बोलणारी खुर्ची पुन्हा राखीव झाली! साल्सेदोंना हे ठाऊक नसेल असे वाटत नाही. २००७ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या संग्रहालयाने त्यांना आपल्या प्रचंड दालनात काम करण्यास बोलाविले, तेव्हा त्यांनी तेथे काही मांडलेच नाही. दालनाच्या फरशीलाच १६७ मीटर लांबीची भेग पाडली. प्रदर्शन संपल्यावर ती बुजविली, पण वण अजून दिसतो. तरी माझ्या आक्षेपाचे पूर्ण निरसन होत नाही. मला बोगोताच्या भिंतीवरील खुर्च्या अधिक पटतात, कारण त्या पाहायला तिकीट नव्हते आणि दोन दिवसांनी त्या कोणाच्याच मालकीच्या राहिल्या नाहीत.

अलीकडच्या एका कामाचा उल्लेख करून थांबतो. १९६४ पासून लढणाऱ्या 'फार्क' या बंडखोर संघटनेशी कोलंबिया सरकारने २०१६ मध्ये शांतता करार केला. संघटनेने खाली ठेवलेली शस्त्रे वितळवून त्यांची स्मारके करावीत असे करारात ठरले. बोगोतातील स्मारकाचे काम साल्सेदोंकडे आले. सुमारे ३७ टन शस्त्रे! कोणीही त्यांचा उंच स्तंभ उभारला असता. साल्सेदोंनी त्यांची जमीन केली. संघर्षात लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांना बोलावून त्यांच्याकडून धातूचे पत्रे हातोड्यांनी ठोकून घेतले. त्या ठोकलेल्या पत्र्यांवरून साचे केले आणि त्या साच्यांत वितळलेल्या बंदुका ओतून सुमारे तेराशे लाद्या पाडल्या. 'फ्राग्मेन्तोस', म्हणजे 'तुकडे', नावाची ही वास्तू २०१८ च्या डिसेंबरात खुली झाली. लाद्या काळ्या, खडबडीत आहेत. हातोड्याचा प्रत्येक घाव त्यांवर दिसतो. येणारा माणूस त्यांवर उभा राहतो.

येत्या स्नेहसंमेलनाचा मंडप आमच्याच मालकाकडे आहे. चारशे खुर्च्या आणि सहा सोफे ठरले आहेत, आणि 'राखीव'च्या चिठ्ठ्या लावण्याचे काम माझ्याकडे आले आहे. आबांना मी यायला सांगितले आहे. येतो म्हणाले; मागे खांबापाशी उभा राहीन, म्हणाले.